शब्द सापडला नाही

मोबाईलवर चालणारे छोटेसे ॲप तयार करणे आज शाळेतल्या मुलांनाही जमते. खरी मेहनत त्यानंतर सुरू होते. एका फोनवर चालणारे ॲप दुसऱ्या फोनवर का चालत नाही, सकाळी चालत होते ते दुपारी का थांबले, हे शोधण्यात दिवस जातात. गेली दोन वर्षे आम्ही हा शोध घेत आहोत. आम्ही म्हणजे एका उर्दू माध्यमाच्या शाळेतले दोन शिक्षक, एक भाषांचे आणि एक गणिताचे, आणि आठवी-नववीची अकरा मुले-मुली. शनिवारी शाळा सुटल्यावर दोन तास बसतो. यातून आम्हाला जे हाती लागले ते वाचकांना, विशेषतः घरात शिकणारी मुले असलेल्या आई-वडिलांना उपयोगी पडेल म्हणून लिहीत आहोत.

आमची मुले घरी उर्दू किंवा दखनी बोलतात, वर्गात उर्दूतून शिकतात आणि बाजारात, एसटीत, दवाखान्यात मराठीच्या आधाराने वावरतात. दहावीला मराठीचा पेपर असतोच. पण पेपर वर्षातून एकदा येतो, घरात मराठी कागद रोज येतो. उत्पन्नाच्या दाखल्याचा अर्ज, रेशनकार्डाचा फॉर्म, वीजमंडळाची नोटीस. अम्मी तो कागद मुलापुढे धरते आणि मूल 'स्वयंघोषणापत्र' या शब्दापाशी अडकते. म्हणून ठरवले की अशा शब्दांचे एक उर्दू-मराठी ॲप करायचे. उर्दू शब्द टाकला की मराठी दिसेल, मराठी टाकला की उर्दू. सोबत वीस-वीस शब्दांची छोटी चाचणी.

साधनाबद्दल थोडक्यात सांगतो. व्यावसायिक लोक अँड्रॉइड स्टुडिओ वापरतात. आमच्या संगणक कक्षातल्या जुन्या यंत्रांवर तो उघडेपर्यंत आमचे दोन तास संपले असते. त्यामुळे आम्ही ॲप इन्व्हेंटर घेतला. गूगलमध्ये २०१० साली हॅल एबल्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो सुरू केला आणि २०१२ पासून अमेरिकेतली एमआयटी ही संस्था तो चालवते. तो मोफत आहे, ब्राउझरमध्येच चालतो, आणि त्यात ओळी लिहिण्याऐवजी रंगीत ठोकळे एकमेकांत बसवायचे असतात. फोनमध्ये त्याचे सोबती ॲप टाकले आणि संगणकावरचा चौकोनी कोड स्कॅन केला की जे जोडाल ते लगेच फोनवर दिसू लागते. अट एवढीच की साधारणपणे संगणक आणि फोन एकाच वाय-फायवर हवेत. ते जमले नाही तर पडदा कोराच राहतो आणि नवशिक्याला वाटते की आपले ठोकळेच चुकले.

प्रोग्रामर मंडळी दोषाला 'बग' म्हणतात. मुलांनी त्याचे नाव खटमल ठेवले, आणि ज्या वहीत सगळे दोष लिहायचे ती खटमल-वही. नावामुळे का होईना, मुलांना ती वही आवडू लागली. वहीच्या पहिल्या पानावर तीन प्रश्न आहेत. तू काय केलेस? काय व्हायला हवे होते? काय झाले? या तिन्हींची उत्तरे लिहिल्याशिवाय कोणी ठोकळ्यांना हात लावायचा नाही. सुरुवातीला मुले फक्त "चलता नहीं" असे लिहीत. "चलता नहीं" हे तिसऱ्या प्रश्नाचेही उत्तर नाही, हे पटायला दोन महिने लागले.

आम्ही शिक्षक मंडळी बी.एड.ला असताना नैदानिक चाचणी आणि उपचारात्मक अध्यापन शिकलो. मूल भागाकारात चुकते म्हणजे नेमके कुठे चुकते? वजाबाकीत, पाढ्यात, की शून्य मांडण्यात? आधी निदान, मग उपचार. परीक्षेपुरते पाठ केलेले हे प्रकरण इतक्या वर्षांनी उपयोगी पडेल असे तेव्हा कोणी सांगितले असते तर आम्ही हसलो असतो.

पहिला मोठा खटमल चाचणीत निघाला. चाचणी कधी सुरळीत पार पडायची, कधी मध्येच इंग्रजी संदेश येऊन अडायची. असा अधूनमधून येणारा दोष सर्वांत त्रासदायक. शिक्षक बघायला आले की तो येत नाही! आणि संदेश आला की मुले घाईघाईने तो बंद करत, जसे काही चोरी पकडली गेली. नियम केला की संदेश बंद करायचा नाही, अक्षर न् अक्षर वहीत उतरवायचा. उतरवल्यावर अर्थ लागला. यादीतला शून्यावा शब्द मागितला गेला आहे, यादी तर एकपासून सुरू होते, असे तो संदेश सांगत होता.

त्याच दिवशी आठवीतल्या एका मुलीने वेगळीच तक्रार मांडली. "मॅडम, चाचणीत खिडकी कभी आतीच नहीं." खिडकी हा यादीतला विसावा शब्द. आम्ही दोन्ही नोंदी शेजारी ठेवल्या आणि गणिताच्या सरांनी खडू उचलला. चाचणीचे ठोकळे लावणाऱ्या मुलाने मोठ्या भावाकडून पायथॉन शिकले होते. पायथॉनमध्ये, जावामध्ये यादीची मोजणी शून्यापासून होते. ॲप इन्व्हेंटरमध्ये ती एकपासून होते. त्याने सवयीने शून्य ते एकोणीस यांतला कोणताही आकडा काढायला सांगितला होता. शून्य निघाला की ॲप अडायचे, आणि वीस कधी निघणारच नव्हता. दोन तक्रारी, खटमल एकच. एक ते वीस असे केल्यावर दोन्ही गेल्या. खिडकीची तक्रार करणारी मुलगी तोवर वर्गात कधी बोलत नसे. आता तीच सगळ्यांच्या चाचण्या तपासते.

आवाजाचा किस्सा लांबवत नाही. मराठी शब्द फोनने उच्चारून दाखवावा असा ठोकळा मुलांनी लावला. काही फोन बोलले, काही गप्प. गप्प फोनपैकी दोघांमध्ये मराठी आवाजाची फाईल उतरवलेली नव्हती. ती सेटिंगमध्ये जाऊन उतरवावी लागते. तिसऱ्या फोनसाठी दोन मुलांनी सगळे ठोकळे सोडवून पुन्हा जोडले. त्यांच्यापैकी एकाचा पहिलीतला भाऊ सोबत आला होता, त्याने बाजूचे बटण दाबून आवाज वाढवला आणि फोन बोलू लागला. तेव्हापासून वहीत चौथा प्रश्न आला आहे: सर्वांत सोपे कारण तपासले का?

आता ज्या खटमलासाठी हा लेख लिहायला घेतला त्याकडे येतो.

शब्दयादी तयार होती, शोधण्याचे ठोकळे तयार होते. शब्द यादीत नसला तर पडद्यावर 'शब्द सापडला नाही' असे यायचे. आम्ही ॲप मुलांच्या घरच्या फोनवर टाकून दिले आणि पंधरा दिवसांनी विचारले. बहुतेकांनी ठीक आहे म्हणून सांगितले. नववीतल्या एका मुलीने काहीच सांगितले नाही. तिच्या आणि मैत्रिणीच्या बोलण्यातून कळले की तिला पुष्कळ शब्द सापडत नाहीत. विचारल्यावर म्हणाली, "मॅडम, मेरीच उर्दू कच्ची है." मग तिने दप्तरातून वही काढली. जो जो शब्द सापडला नाही तो तिने दहा-दहा वेळा लिहून काढला होता. किताब. जमीन. किराया. पाने भरली होती. सगळे शब्द शुद्ध होते.

वही पाहून आम्ही दोघेही शिक्षक थोडा वेळ काही बोललो नाही. यंत्राने नाही म्हटले आणि मुलीने ते स्वतःवर घेतले. वर्गात आम्ही मुलांना "पुन्हा लिही" म्हणतो तेव्हा ती वही बंद करून समोर उभी राहतात, काही विचारत नाहीत. हे त्याचेच पुढचे रूप होते.

शोध सुरू झाला. पहिले अर्धे उत्तर लवकर मिळाले. एकाच फोनवर एका मुलाला 'किताब' सापडत होते, तिला नाही. दोघांना आमच्यासमोर टाईप करायला लावले. तो एकेक अक्षर दाबत होता. ती पहिली दोन अक्षरे दाबून कीबोर्डने सुचवलेल्या शब्दावर बोट ठेवत होती. सुचवलेला शब्द घेतला की कीबोर्ड त्याच्यापुढे आपोआप एक मोकळी जागा टाकतो. माणसाला ती दिसत नाही, फोनला दिसते. मुलांनी शब्दाची लांबी दाखवणारा ठोकळा लावला. उर्दूत किताब चार अक्षरांचा. त्याचा आकडा चार आला, तिचा पाच. शोधण्याआधी कडेच्या मोकळ्या जागा कापून टाकणारा एक ठोकळा असतो, तो बसवला आणि किताब सापडले.

जमीन मात्र सापडेना. लांबी चारच, मोकळी जागा नाही, आणि पडद्यावर दोन्ही शब्द तंतोतंत सारखे. दोन आठवडे आम्ही त्यावर अडलो. मग मुलांनी एक तपासणीचा पडदा केला. वर यादीतला शब्द, खाली टाईप केलेला शब्द, आणि एकेक अक्षर काढून दोघांची तुलना. झे सारखा. मीम सारखा. तिसऱ्या अक्षरावर, ये वर, पडदा म्हणाला: वेगळे.

यामागचे कारण उर्दू वाचणाऱ्या प्रत्येक घराला माहीत असायला हवे. संगणकाला अक्षराचा आकार कळत नाही, क्रमांक कळतो. युनिकोड या जागतिक पद्धतीत प्रत्येक अक्षराला एक क्रमांक दिला आहे. अरबीच्या 'ये'चा क्रमांक १६१०, उर्दू-फारसीच्या 'ये'चा १७४०. शब्दाच्या शेवटी त्यांतला फरक दिसतो, कारण अरबी 'ये'खाली दोन नुक्ते राहतात. शब्दाच्या मध्ये आला की दोन्ही एकसारखेच. असेच काफचे, अरबी १६०३ आणि उर्दू १७०५. 'हे' अक्षराचेही तसेच, १६०७ आणि १७२९. आमच्या यादीचा निम्मा भाग मुलांनी फोनवर टाईप केला होता, उरलेला एका जुन्या उर्दू मजकुरातून रूपांतर करून घेतला होता. त्या रूपांतरात अक्षरे अरबी क्रमांकांची आली होती. यात यंत्राचाही दोष म्हणता येणार नाही. अरबीत नुक्ते नसलेला 'ये' हे वेगळेच अक्षर समजले जाते, त्यामुळे युनिकोडने त्यांना वेगळे ठेवणे योग्यच आहे. जोडून घ्यायचे काम आपले.

कोणी म्हणेल, हा उर्दूचाच गुंता आहे, मराठी सरळ आहे. तसे नाही! 'पायऱ्या' हा शब्द घ्या. त्यातला आडवा र दोन प्रकारे टाईप होतो. एका प्रकारात खाली टिंब असलेला ऱ येतो. दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि त्यानंतर न दिसणारे, शून्य रुंदीचे एक जोडचिन्ह. डोळ्यांना एकच शब्द. लांबी विचारली तर एक सात सांगतो, दुसरा आठ. शेतकऱ्यांचा, अधिकाऱ्यांचा, दुसऱ्या, चौथऱ्यावर, म्हणजे सरकारी कागदावरचे निम्मे शब्द या फेऱ्यात सापडतात. मराठी शिकवणाऱ्यांनाही याची कल्पना सहसा नसते.

उपाय साधा निघाला. यादीतला शब्द असो वा टाईप केलेला, तुलना करण्यापूर्वी दोघांना एकाच चाळणीतून काढायचे. १६१० दिसला की १७४० करायचा, १६०३ चा १७०५, १६०७ चा १७२९, आणि जोडचिन्हवाल्या र चा ऱ. कडेची मोकळी जागा कापायची. चाळणीचे ठोकळे मुलांनी हिरव्या कागदावर काढून वर्गात लावले आहेत.

वहीवाल्या मुलीसमोर आम्ही ॲप पुन्हा उघडले. तिने जमीन टाकले, किराया टाकले. सापडले. मग तिने एक गोष्ट मागितली, जी आमच्या कोणाच्या डोक्यात आली नव्हती. 'शब्द सापडला नाही' हे वाक्य काढून टाका, म्हणाली. आता तिथे लिहिलेले असते: 'हा शब्द अजून आमच्या यादीत नाही. शनिवारी आम्हाला सांगा.' आणि न सापडलेला शब्द फोनमध्येच साठून राहतो, म्हणजे शनिवारी दाखवता येतो. त्यातून आजवर दीडशेच्या वर नवे शब्द मिळाले. त्यांतले बरेचसे मुलांनी शोधलेले नाहीत, त्यांच्या अम्मींनी शोधलेले आहेत. 'हमीपत्र', 'थकबाकी', 'रक्तगट', 'वारस'. कोणत्या घरात कोणता कागद आला असेल ते या यादीवरून कळते, म्हणून ती आम्ही वर्गात मोठ्याने वाचत नाही.

अल्गोरिदम हा शब्द नवव्या शतकात बगदादमध्ये काम करणाऱ्या अल-ख्वारिज्मी यांच्या नावावरून आला, हे आपण आपल्या सभांमध्ये अभिमानाने सांगतो. सांगावेच. पण सांगून झाल्यावर त्याच सभेत कोणी मूल उठून म्हणाले की माझे ॲप अडले आहे, तर त्याच्याशेजारी तासभर बसणारा माणूसही हवा. तो इंजिनिअर असण्याची गरज नाही. आमच्यापैकी कोणीच इंजिनिअर नाही.

फोनचा फरक हा वेगळाच विषय. आमच्या मुलांच्या घरी बहुधा एकच फोन असतो आणि तो अब्बूंचा असतो. एका मुलीचे अब्बू टेम्पो चालवतात. रात्री नऊनंतर फोन तिच्या हाती येतो, आणि उद्याच्या भाड्याचे फोनही त्याच वेळी येतात. तिची नोंद अशी होती: अकराव्या प्रश्नावर असताना फोन आला, अब्बू बोलले, परत आले तर पहिला प्रश्न, गुण शून्य. आमच्या कोणत्याच फोनवर असे होत नव्हते. कॉल येऊ दिला, बोललो, परत आलो, अकरावा प्रश्न जागच्या जागी. मुलांपैकी काहींनी ठरवूनच टाकले की ती काहीतरी चुकीचे दाबत असणार.

एका रविवारी तिचे अब्बू स्वतः फोन घेऊन शाळेत आले. "मॅडम, हमारा फोन गरीब है, उसपे नहीं चलता होंगा," असे म्हणून त्यांनी तो टेबलावर ठेवला. आम्ही त्यांना बसायला सांगितले आणि मुलांनी काम सुरू केले. एका वेळी एकच बदल. कॉल नाही: गुण राहिले. कॉल आला, बाकीची ॲप बंद: गुण राहिले. कॉल आला, मागे व्हिडिओ, नकाशा आणि निरोपांचे ॲप उघडे: गुण गेले. पुन्हा केले, पुन्हा गेले. मुलगी काहीही चुकीचे दाबत नव्हती. फोनची मेमरी कमी पडली की अँड्रॉइड मागे गेलेले ॲप गुपचूप बंद करतो, आणि ॲपने फक्त मनात धरलेले आकडे त्याबरोबर जातात. आमच्या फोनमध्ये जागा होती म्हणून तिथे हे कधी घडले नाही.

ॲप इन्व्हेंटरमध्ये टायनीडीबी नावाचा एक छोटा साठा असतो. त्यात लिहिलेले ॲप बंद झाले तरी फोनमध्ये राहते. प्रत्येक उत्तरानंतर प्रश्नाचा क्रमांक आणि गुण त्यात लिहायचे, आणि ॲप उघडताना आधी तिथे पाहायचे, असे ठोकळे जोडले. मग तिच्या अब्बूंना एकामागून एक पाच जणांनी फोन लावले. पाचही वेळा ते उचलून हॅलो म्हणाले, हसत होते. पाचही वेळा ॲप जिथे होते तिथेच परत आले. आता प्रत्येक नवी आवृत्ती आधी त्यांच्या फोनवर तपासली जाते. तिथे चालली तर सगळीकडे चालते, असा मुलांचा हिशोब आहे आणि तो बहुतेक वेळा बरोबर ठरतो.

घरी मूल फोन घेऊन बसले की आपल्याला गेमच दिसतो. बऱ्याचदा गेमच असतो, ते नाकारत नाही. पण कधी ते एकच बटण दाबून वही उघडत असेल, पुन्हा दाबून काही लिहीत असेल, तर जवळ जाऊन एवढेच विचारा की काय व्हायला हवे होते आणि काय झाले. उत्तर समजले नाही तरी चालेल. सांगता सांगताच कित्येकदा मूल मध्येच थांबते आणि "अच्छा, रुको" म्हणते.

खटमल-वहीत सध्या एकेचाळीसावी नोंद उघडी आहे. मुलांच्या आग्रहाने ॲपमध्ये नस्तालीक फॉन्ट घातला, कारण साध्या नस्ख वळणातली उर्दू त्यांना परकी वाटत होती. तेव्हापासून बटणांवरच्या काही शब्दांचे वरचे टोक कापले जाते. नस्तालीकमध्ये शब्द उजवीकडून डावीकडे खाली उतरत येतो, त्याला ओळीत जास्त उंची लागते. खिडकीवाली मुलगी म्हणते बटणाची उंची कमी आहे, पायथॉनवाला मुलगा म्हणतो अक्षराचा आकार मोठा आहे. येत्या शनिवारी आधी बटण वाढवून पाहायचे आहे, अक्षर तसेच ठेवून. टेम्पोवाल्या भाईंना दुपारी तीन वाजता फोन घेऊन यायला सांगितले आहे.